पेशींची वंशावळ

मेंदूत सापडलेली कॅन्सरची गाठ बहुतेक वेळा मेंदूची नसते. प्रौढ माणसांत मेंदूतच जन्मलेल्या घातक गाठींपेक्षा फुप्फुसात, स्तनात किंवा आणखी कुठे सुरू होऊन मेंदूपर्यंत पोचलेल्या गाठी कितीतरी अधिक आढळतात. अशा गाठीचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तर मेंदूच्या पेशींच्या मधोमध स्तनाच्या किंवा फुप्फुसाच्या पेशींचे बेट दिसते. गाव बदलले तरी पेशींनी मूळचा चेहरा पुरता टाकलेला नसतो आणि ठरावीक प्रथिनांना रंग चढवणाऱ्या चाचण्यांनी पॅथॉलॉजिस्ट तो ओळखतो. म्हणून स्तनाचा कॅन्सर मेंदूत गेला तरी तो मेंदूचा कॅन्सर होत नाही. तो मेंदूत राहायला गेलेला स्तनाचाच कॅन्सर असतो. घरच्यांना हे समजावताना डॉक्टरांची दमछाक होते, पण पुढचे उपचार यावरच ठरत असल्याने ते समजावावेच लागते.

मेंदूकडे जाण्याची ओढ सगळ्या कॅन्सरना सारखी नसते. फुप्फुस, स्तन आणि त्वचेतला मेलॅनोमा हे तीन आघाडीवर. त्यांच्या मागे मूत्रपिंड आणि मोठे आतडे. मेलॅनोमा भारतात विरळ, त्यामुळे इथे पहिले दोनच महत्त्वाचे ठरतात. स्तनाच्या कॅन्सरातही पृष्ठभागावर हर-२ हे प्रथिन जास्त असलेला प्रकार आणि ज्याला डॉक्टर ‘ट्रिपल निगेटिव्ह’ म्हणतात तो प्रकार मेंदूत अधिक जातात. तंबाखूमुळे महाराष्ट्रात ठळकपणे दिसणारा तोंडाचा कॅन्सर मात्र मानेतल्या लसिकाग्रंथींकडे सरकतो. मेंदूत तो क्वचितच पोचतो.

या विषयावरचे संशोधन बराच काळ मागे राहिले. मेंदूत गाठ दिसली की ती आजाराची शेवटची पायरी समजली जाई आणि नव्या औषधांच्या चाचण्यांतून असे रुग्ण सहसा वगळले जात. चित्र बदलले ते उलट्याच बाजूने. हर-२ वर नेम धरणारे ट्रास्टुझुमॅब आले, रुग्णांचे आयुष्य वाढले, यकृतातल्या आणि हाडांतल्या गाठी आटोक्यात राहू लागल्या. आणि मग मेंदूत आजार डोके वर काढताना दिसू लागला. ट्रास्टुझुमॅब हा प्रतिपिंडाचा मोठा रेणू आहे. शरीरात तो सगळीकडे फिरतो, पण मेंदूच्या दारात अडतो.

हे दार पॉल एर्लिख यांना १८८५ मध्ये दिसले होते, तेव्हा त्याचा अर्थ लागला नव्हता. प्राण्याच्या रक्तात सोडलेला रंग सगळ्या अवयवांत उतरला, मेंदू मात्र कोरा राहिला. त्यांचे शिष्य एडविन गोल्डमन यांनी १९१३ मध्ये रंग मेंदूभोवतीच्या द्रवात सोडून पाहिला. तेव्हा मेंदू रंगला आणि बाकीचे शरीर कोरे राहिले. मेंदूच्या केशवाहिन्यांच्या भिंतीतल्या पेशी एकमेकींना घट्ट शिवलेल्या असतात. त्यांना बाहेरून पेरिसाइट नावाच्या पेशींचा आधार असतो आणि त्यावर ताऱ्याच्या आकाराच्या अ‍ॅस्ट्रोसाइट पेशींच्या पावलांचे वेष्टन. या सगळ्याला मिळून रक्त-मेंदू अडथळा म्हणतात. कॅन्सरची पेशी हा अडथळा ओलांडते, तिच्यामागे धाडलेले औषध बहुधा ओलांडत नाही, आणि पुढचे सगळे कोडे इथून सुरू होते.

बी आणि जमीन

कॅन्सर कुठे पसरायचा हे कसे ठरते, याचे सर्वांत जुने आणि अजून टिकलेले उत्तर इंग्लंडमधले शल्यचिकित्सक स्टीफन पॅजेट यांनी १८८९ मध्ये दिले. स्तनाच्या कॅन्सरने दगावलेल्या ७३५ स्त्रियांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी त्यांनी चाळल्या. २४१ जणींच्या यकृतात गाठी होत्या, प्लीहेत फक्त १७ जणींच्या. प्लीहेची रोहिणी काही बारीक नसते; केवळ रक्ताचा ओघ नेईल तिथे पेशी अडकत असत्या, तर एवढा फरक पडायचे कारण नव्हते. पॅजेट यांनी पेशीला बी म्हटले आणि अवयवाला जमीन.

सोलापूर जिल्ह्यातल्या वाचकाला ही जोडी उलगडून सांगायची गरज नाही. मंगळवेढ्याच्या खोल काळ्या रानात रब्बीला पेरलेली मालदांडी नुसत्या मुरलेल्या ओलीवर कणसात येते; तेच बी मुरमाड माळावर टाकले तर कडब्याचीही मारामार. आणि मालदांडीचा दुसरा धडा पुढच्या मजकुरासाठी पहिल्यापेक्षा जास्त उपयोगी आहे. मोहोळच्या संशोधन केंद्रावर १९३० च्या दशकात स्थानिक मालदांडीतून निवड करत करत ३५-१ हा वाण वेगळा काढला गेला. चांगली कणसे निवडायची, त्यांचेच बी पुन्हा पेरायचे, त्यातून पुन्हा निवडायचे. नवे काही घडवायचे नाही. गर्दीत आधीपासून असलेले, त्या जमिनीला मानवणारे बी तेवढे बाजूला काढायचे.

अमेरिकेत आयझाया फिडलर यांनी १९७३ मध्ये उंदरांच्या मेलॅनोमावर नेमके हेच केले. पेशी शिरेतून सोडल्या, फुप्फुसात ज्या रुजल्या तेवढ्या काढून वाढवल्या, पुन्हा सोडल्या. दर फेरीला फुप्फुसात रुजण्याचे प्रमाण वाढत गेले. बियांचेही प्रकार असतात हे त्यातून दिसले. याच युक्तीतून पुढे मेंदूत रुजणाऱ्या पेशींचे वाण तयार झाले.

उंदराच्या मेंदूतून फ्लास्कमध्ये

असा एक वाण कसा निघतो हे जवळून पाहण्यासारखे आहे. सुरुवात बहुधा जुन्या, सर्वांना माहीत असलेल्या सेल लाइनपासून होते. सेल लाइन म्हणजे एका रुग्णाच्या गाठीतून किंवा छातीत साठलेल्या पाण्यातून काढलेल्या आणि काचेच्या किंवा प्लास्टिकच्या भांड्यात वर्षानुवर्षे वाढत राहिलेल्या पेशींचा वंश. एमडीए-एमबी-२३१ ही स्तनाच्या कॅन्सरची सेल लाइन १९७३ मध्ये अमेरिकेतल्या एम. डी. अँडरसन रुग्णालयातल्या एका रुग्णाच्या छातीतल्या पाण्यातून निघाली. ती रुग्ण केव्हाच गेली, पेशी जगभर वाढतायत. या पेशींत काजव्यातले ल्युसिफरेज हे विकर तयार करणारे जनुक आधी बसवले जाते.

मग उंदीर गुंगीत आणून सुई बरगड्यांमधून हृदयाच्या डाव्या कप्प्यात घालतात. सुई योग्य जागी गेली की सिरिंजमध्ये लाल भडक रक्ताची उसळी ठोक्यागणिक दिसते. ती दिसल्याशिवाय दट्ट्या दाबायचा नाही, हा शिकणाऱ्याला मिळणारा पहिला धडा. साधारण लाखभर पेशी सोडल्या जातात. डावीकडूनच सोडायच्या, कारण शेपटीच्या शिरेतून सोडल्या तर त्या आधी फुप्फुसाच्या जाळ्यात अडकतात. काही आठवड्यांनी उंदराला ल्युसिफेरिन टोचून अंधाऱ्या पेटीत ठेवले की संवेदनशील कॅमेऱ्याला डोक्यातून येणारा प्रकाश टिपता येतो. त्या उंदराचा मेंदू काढून, पेशी सुट्या करून, फ्लास्कमध्ये वाढवून पुन्हा दुसऱ्या उंदराला. अशा दोन-तीन फेऱ्यांनंतर मेंदूलाच पसंती देणारा उपवंश हाती येतो. न्यूयॉर्कमध्ये जोआन मासाग्वे यांच्या प्रयोगशाळेने २००९ मध्ये अशाच रीतीने २३१ पासून बीआरएम२ हा उपवंश काढला. मूळच्या पेशींत आणि त्याच्यात कोणती जनुके वेगळी चालतात याची तुलना करून अडथळा ओलांडायला मदत करणारी तीन जनुके त्यांनी दाखवली.

याच प्रयोगशाळेत मानुएल वालिएन्ते यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेले काम या पद्धतीचे बळ चांगले दाखवते. मेंदूत शिरलेल्या बहुतेक कॅन्सरपेशी मरतात. तिथली जमीन त्यांना सहजासहजी थारा देत नाही. अ‍ॅस्ट्रोसाइट पेशी प्लाझ्मिन हे विकर तयार व्हायला लावतात. प्लाझ्मिन दोन कामे करते: मृत्यूचा संदेश देणारा रेणू सुटा करते, आणि ज्या एल१कॅम प्रथिनाच्या आधारे कॅन्सरपेशी केशवाहिनीला बिलगते, ते कापून टाकते. ज्या मोजक्या पेशी तगतात त्या सर्पिन नावाची प्रथिने सोडून प्लाझ्मिनची निर्मितीच अडवतात आणि मग दोडक्याचा वेल तारेवर चढावा तशा केशवाहिनीच्या अंगाने पसरत जातात. हे एकाच सेल लाइनमध्ये दिसले असते तर तो त्या पेशींचा स्वभाव मानला गेला असता. स्तनाच्या आणि फुप्फुसाच्या, माणसाच्या आणि उंदराच्या वेगवेगळ्या वंशांत तीच गोष्ट दिसली, म्हणून ती मेंदूतल्या कॅन्सरची रीत मानता आली.

मात्र असे वेगवेगळे वंश एका प्रयोगशाळेजवळ क्वचितच असतात. एक तयार करायला कित्येक महिने आणि पुष्कळ उंदीर खर्ची पडतात. त्यामुळे बरीच वर्षे ज्याच्या हाती जो वाण, त्यावर तो काम करत राहिला. कुणी पेशी हृदयात सोडल्या, कुणी गळ्यातल्या रोहिणीत, कुणी कवटीला भोक पाडून थेट मेंदूत. आणि मग निष्कर्ष जुळत नाहीत म्हणून वाद. पुढे माद्रिदच्या राष्ट्रीय कॅन्सर संशोधन केंद्रात गेलेल्या वालिएन्ते यांच्या पुढाकाराने १९ प्रयोगशाळांनी २०२० मध्ये आपापल्या वाणांची माहिती एकत्र केली. तिचे नाव ‘ब्रेन मेटास्टॅसिस सेल लाइन्स पॅनेल’.

हे पॅनेल म्हणजे एका फ्रीजरमध्ये रचलेल्या कुप्या नव्हेत. ती प्रामुख्याने नोंदवही आहे. मूळ पेशी कोणत्या कॅन्सरच्या, मेंदूची ओढ त्यांच्यात कशी आणली, प्राण्यात त्या कशा वागतात, प्रयोगाची पद्धत कोणती, आणि त्या कोणाकडे आहेत. वरवर ही कारकुनी वाटते. प्रत्यक्षात नव्या संशोधकाच्या प्रश्नाला योग्य वाण कोणता, हे ठरवायला याच गोष्टी लागतात. प्रतिकारशक्ती जागी करणाऱ्या औषधाचा अभ्यास करायचा असेल तर माणसाच्या पेशींचे वाण निरुपयोगी, कारण ते टी-पेशी नसलेल्या उंदरातच वाढतात. तिथे उंदराचेच कॅन्सर आणि धडधाकट उंदीर हवेत. अडथळा ओलांडण्याचा अभ्यास करायचा असेल तर थेट मेंदूत टोचून वाढवलेल्या गाठीचा उपयोग नाही, कारण तिने अडथळा ओलांडलेलाच नसतो.

उणिवाही नोंदीतूनच दिसतात. पेशी रक्तात सोडल्यावर आजाराचा पहिला अर्धा भाग, म्हणजे मूळ गाठीतून सुटणे आणि वर्षानुवर्षे दबून राहणे, गाळला जातो. उंदराचा मेंदू अर्ध्या ग्रॅमहूनही हलका. माणसाचा सुमारे चौदाशे ग्रॅम. आणि या वाणांची मुळे मोजक्या रुग्णांत आहेत: २३१ अमेरिकेतली, फुप्फुसाची पीसी९ जपानमधली, हर-२ ची जेआयएमटी-१ फिनलंडमधली. मराठवाड्यातल्या किंवा पश्चिम महाराष्ट्रातल्या प्रयोगशाळेतही मेंदूतल्या कॅन्सरवर काम करायचे तर हात बहुधा याच पेशींकडे जातो.

चुकीची पाटी

पेशी पारदर्शक असतात आणि कुपीवरच्या पाटीखेरीज त्यांची ओळख डोळ्यांना पटत नाही. पाटी चुकली तर सगळेच चुकते. या क्षेत्रातली सर्वांत बोलकी चूक एमडीए-एमबी-४३५ या नावाची आहे. १९७० च्या दशकात स्तनाच्या कॅन्सरच्या रुग्णाकडून काढलेली सेल लाइन म्हणून ती जगभर गेली. ती उंदरात भराभर पसरे, त्यामुळे पसरणाऱ्या कॅन्सरच्या अभ्यासकांची ती लाडकी होती. मेंदूकडे जाणाऱ्या स्तनाच्या कॅन्सरचा नमुना म्हणूनही ती वापरली गेली. २००० मध्ये अनेक सेल लाइन्सच्या जनुकांची वर्तणूक एकत्र तपासली तेव्हा ती मेलॅनोमाच्या घोळक्यात जाऊन बसली. पुढे डीएनएच्या ठशांवरून ती एम१४ या मेलॅनोमाच्या सेल लाइनशी जुळली. मेंदूकडे तिची ओढ का होती, याचे उत्तर त्या पाटीखाली दडलेले होते. तिच्यावर स्तनाचा कॅन्सर म्हणून लिहिलेले निबंध ग्रंथालयांतून काही गेले नाहीत.

हा रोग जुना आहे. स्टॅन्ली गार्टलर यांनी १९६६ मध्ये अमेरिकेतल्या एका परिषदेत दाखवले की वेगवेगळ्या नावांनी वावरणाऱ्या १८ सेल लाइन्समध्ये एका विकराचा जो प्रकार आहे तो जवळजवळ फक्त आफ्रिकी वंशाच्या लोकांत सापडतो. त्या सगळ्या बहुधा हीला होत्या. बाल्टिमोरच्या हेन्रिएटा लॅक्स यांच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून १९५१ मध्ये त्यांना न विचारता काढलेल्या या पेशी इतक्या जोमाने वाढतात की पिपेटच्या टोकावर राहिलेला एखादा थेंब शेजारच्या फ्लास्कचा ताबा घेतो. आज यावर एसटीआर नावाची तपासणी आहे: डीएनएतल्या ठरावीक जागी छोटे तुकडे किती वेळा पुन्हा आले ते मोजायचे आणि त्या आकड्यांची ओळ नोंदीशी ताडून पाहायची. गुन्ह्याच्या तपासात वापरतात तीच ही पद्धत. तिच्या जोडीला मायकोप्लाझ्माची चाचणी. हा सूक्ष्म जंतू माध्यम गढूळ न करता पेशींत राहतो आणि प्रयोगाचे आकडे गुपचूप बदलतो.

पुणे, परळ, खारघर

हीला पेशी पहिल्यांदा वाढवणाऱ्या जॉर्ज गाय यांच्या जॉन्स हॉपकिन्समधल्या प्रयोगशाळेत पुण्याच्या एक बाई शिकून आल्या होत्या. कमल रणदिवे, माहेरच्या समर्थ. जन्म १९१७ चा. वडील फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवत. एम.एस्सी.साठी त्यांनी पुण्याच्या शेतकी महाविद्यालयात सीताफळाच्या कुळातल्या वनस्पतींच्या गुणसूत्रांवर काम केले, आणि मग मुंबईला डॉ. वसंत रामजी खानोलकरांच्या हाताखाली कॅन्सरकडे वळल्या. १९४९ मध्ये डॉक्टरेट, त्यानंतर रॉकफेलर शिष्यवृत्तीवर बाल्टिमोर. परत आल्यावर परळच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये त्यांनी देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. तिथे वाढवलेल्या आयसीआरसी जातीच्या उंदरांत स्तनाच्या गाठी आपोआप होत, त्यामुळे ती जात अभ्यासाचे साधन ठरली. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. संस्था पुढे कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूट झाली आणि २००२ पासून नवी मुंबईत खारघरला अ‍ॅक्ट्रेक या नावाने काम करते. डोके व मान भागातल्या कॅन्सरच्या एडब्ल्यू१३५१६ आणि एडब्ल्यू८५०७ या भारतीय रुग्णांच्या सेल लाइन्स याच परंपरेत तयार झाल्या. जो आजार समोर सर्वांत जास्त होता त्याच्या पेशी आधी वाढवल्या गेल्या, हे साहजिकच होते.

पेशी सांभाळण्याचे आणि वाटण्याचे राष्ट्रीय काम पुण्याकडे आले. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने गणेशखिंडीत, विद्यापीठाच्या आवारात, प्राण्यांच्या ऊती व पेशींच्या संवर्धनासाठी राष्ट्रीय सुविधा सुरू केली. तीच आजची नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्स, बोलण्यात एनसीसीएस. देशभरच्या प्रयोगशाळा तिथे मागणी नोंदवतात आणि पेशी मागवतात. मेंदूत पसरलेल्या कॅन्सरशी नाही तरी मेंदूच्याच कॅन्सरशी या संस्थेचे जुने नाते आहे: अंजली शिरस यांच्या गटाने २००३ मध्ये एचएनजीसी-१ आणि एचएनजीसी-२ या दोन सेल लाइन्स मांडल्या. दोघींचे मूळ एकच, पण पहिली मवाळ आणि दुसरी आक्रमक, त्यामुळे गाठ बिघडत कशी जाते हे शेजारी शेजारी ठेवून पाहता येते.

पेशींच्या अशा पेढीतली कुपी करंगळीच्या पेरांएवढी असते. आत एक मिलिलिटर द्रव, त्यात दहा लाखांच्या आसपास पेशी, आणि गोठताना बर्फाचे स्फटिक पेशींना फाडू नयेत म्हणून दहा टक्के डीएमएसओ. द्रवरूप नायट्रोजनच्या टाकीत तापमान उणे १९६ अंश. टाकीतून रॅक वर ओढला की पांढरे धुके काठावरून जमिनीवर सांडते. कुपी बाहेर आली की घाई करायची: ३७ अंशांच्या पाण्यात ती हलवत धरायची आणि आतला बर्फ हरभऱ्याएवढा उरला की लगेच काढायची, कारण गोठताना जीव वाचवणारे डीएमएसओ वितळल्यावर पेशींना विषच असते. गुलाबी माध्यमात धुऊन, फ्लास्कमध्ये पसरून, पाच टक्के कार्बन डायऑक्साइडच्या पेटीत रात्रभर. दुसऱ्या दिवशी तळाला चिकटलेल्या पेशी जगल्या, तरंगणाऱ्या गेल्या. माध्यम पिवळे पडू लागले की पेशींनी आम्ल सोडले, जागा कमी पडली, आता त्या दुसऱ्या फ्लास्कमध्ये वाटायच्या. अशा प्रत्येक वाटणीला ‘पॅसेज’ म्हणतात आणि तिचा आकडा कुपीवर लिहितात. पॅसेज जितके जास्त तितका वंश मूळ रुग्णापासून दूर. उंदराच्या मेंदूतून निवडलेल्या वाणाची मेंदूची ओढही फार पॅसेज झाल्यावर ओसरू शकते. म्हणून सुरुवातीच्या पॅसेजच्या कुप्या जपून ठेवतात आणि प्रयोगासाठी नंतरच्या वापरतात. बियाणे महामंडळाच्या पायाभूत आणि प्रमाणित बियाण्यासारखाच हा हिशेब.

फ्लास्कमधला वंश कितीही शुद्ध असला तरी रुग्णाची गाठ त्याहून गुंतागुंतीची असते. २०१५ मध्ये अमेरिकेत ८६ रुग्णांची मूळ गाठ आणि मेंदूतली गाठ यांच्या जनुकांची तुलना झाली. निम्म्याहून अधिक, ५३ टक्के रुग्णांत मेंदूतल्या गाठीत उपचाराच्या दृष्टीने महत्त्वाचे असे बदल सापडले, जे मूळ गाठीच्या नमुन्यात दिसले नव्हते. म्हणजे छातीतली बायोप्सी पाहून मेंदूतल्या गाठीवरचे औषध ठरवणे प्रत्येक वेळी पुरत नाही. यासाठी मेंदूतली ऊती हवी, आणि तीही जिवंत. स्पेनमध्ये ‘रेनासेर’ नावाच्या जाळ्यातली रुग्णालये शस्त्रक्रियेत निघालेले तुकडे ताजे असतानाच माद्रिदला पोचवतात. शब्दाचा अर्थ पुन्हा जन्म घेणे. तिथे या ऊतींचे पातळ काप काही दिवस जिवंत ठेवून त्यांवर औषधे तपासता येतात.

सोलापुरात असा तुकडा निघाला तर त्याची वाट वेगळी असते. शस्त्रक्रियागृहातून तो थेट फॉर्मॅलिनच्या बाटलीत जातो, मग मेणात. काडेपेटीहून लहान प्लास्टिकच्या जाळीदार चौकटीवर बसवलेला मेणाचा तो ठोकळा, रुग्णालयाच्या भाषेत ‘ब्लॉक’, आणि त्याचे काचेवरचे काप म्हणजे ‘स्लाइड’. परळला टाटा हॉस्पिटलमध्ये दाखवायचे असेल तर नातेवाईक रिपोर्टच्या पिशवीत ब्लॉक आणि स्लाइड घेऊन रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने निघतात आणि सकाळी दादरला उतरतात. मेणातल्या पेशी मेलेल्या असतात, पण त्यांची प्रथिने रंगवता येतात आणि डीएनए वाचता येतो. वर्षानुवर्षे टिकणारा हा ठोकळाही एका अर्थाने सामायिक साधनच आहे. फक्त त्यातून सेल लाइन निघत नाही. जिवंत पेशींसाठी तुकडा काही तासांत, थंड माध्यमात, निर्जंतुक डबीतून प्रयोगशाळेत पोचावा लागतो आणि त्याआधी रुग्णाची लेखी संमती व नीतिसमितीची मंजुरी लागते. सोलापूर ते पुणे अडीचशे किलोमीटर. अंतरापेक्षा अडचण असते ती शस्त्रक्रियेच्या टेबलाशी डबी धरून उभ्या राहणाऱ्या माणसाची.

बार्शीची नोंदवही

सोलापूर जिल्ह्यात कॅन्सर संशोधनाचे एक जगमान्य सामायिक साधन आहे. ते पेशींचे नाही, नोंदींचे आहे. बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलमध्ये १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. बार्शी, परंडा आणि भूम या तालुक्यांतली सुमारे साडेतीनशे गावे तिच्यात आली. शहरात नोंदणी कारकून रुग्णालयांच्या फायली चाळतो. इथे तो मार्ग चालण्यासारखा नव्हता, कारण पुष्कळ रुग्ण रुग्णालयापर्यंत येतच नसत. म्हणून कर्मचारी गावोगाव फिरले, चावडीवर आणि ओसरीवर बसून लक्षणांविषयी बोलले, संशय आला त्यांना तपासणीसाठी बार्शीला आणले. नोंदणीच्या पद्धतीनेच लोकांत जागृती केली. पुढे गर्भाशयमुखाचे कॅन्सर आधीच्या टप्प्यात सापडू लागले, आणि हे नोंदणीच्या आकड्यांतूनच सिद्ध झाले.

याच पायावर धाराशिव, तेव्हाचे उस्मानाबाद, जिल्ह्यातली मोठी चाचणी उभी राहिली. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया, गावांचे ५२ गट, टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्था यांची साथ. एचपीव्ही विषाणूची एकदाच तपासणी केलेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने ३४ मृत्यू झाले, तपासणी न केलेल्या गटात ६४. रंगस्वामी शंकरनारायणन आणि सहकाऱ्यांनी हे निष्कर्ष २००९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये मांडले. कोणत्या गावात कोणाला कॅन्सर झाला आणि कोण कशाने गेले, हे सांगणारी वही आधीपासून नसती तर दोन आकड्यांची ही तुलना करता आली नसती.

मेंदूत पसरलेल्या कॅन्सरविषयी मात्र ही वही गप्प राहते, आणि तो तिचा दोष नाही. जगभरच्या लोकसंख्याधारित नोंदण्यांचा नियम असा की कॅन्सर जिथे सुरू झाला त्या जागेखाली मोजायचा, आणि एकदाच. परंड्याच्या एखाद्या स्त्रीला स्तनाचा कॅन्सर झाला, तीन वर्षांनी डोकेदुखी आणि उलट्या सुरू झाल्या, एमआरआयमध्ये मेंदूत चार गाठी दिसल्या, तरी नोंदणीत तिची ओळ एकच राहते: स्तन, संकेतांक सी५०. मेंदूतल्या दुय्यम गाठीचा संकेतांक सी७९.३ वेगळा आहे, तो रुग्णालयाच्या फायलीत पडतो. मेंदूतल्या गाठीवर शस्त्रक्रिया झाली का, ब्लॉक कुठे आहे, त्यावर हर-२ ची चाचणी पुन्हा झाली का, हेही त्या फायलीतच असते, आणि फाइल रुग्णाबरोबर सोलापूर, पुणे, मुंबई अशी फिरत राहते. पॅनेलमधल्या उंदराच्या बाबतीत पेशी कुठून आल्या, कोणत्या मार्गाने सोडल्या आणि मेंदूत कशा वाढल्या, हे सगळे एका ओळीत वाचायला मिळते. परंड्याच्या त्या बाईची अशी ओळ जुळवायची तर नोंदणीतला सी५०, फायलीतला सी७९.३ आणि ब्लॉकवरचा पॅथॉलॉजीचा क्रमांक हे तिन्ही शोधून एकत्र लावावे लागतात.